ओठ वाचण्यापुरती नजर

आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. मोठ्यानं कसलं, आवाजानंच बोलत नाही. आईला ऐकू येत नाही. लहानपणी ताप आला, कान गेले, ते गेलेच. ती ओठ वाचते. बाबांची अख्खी नोकरी कापडाच्या गिरणीत, मागांच्या शेडमध्ये झाली. तिथे सगळे माग एकदम खडखडायला लागले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून सगळेच नुसते ओठ हलवून बोलायचे. आईसुद्धा त्याच शेडमध्ये मागावर होती. तिच्यात काही कमी आहे हे तिथे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. उलट पार त्या टोकाला उभा असलेला मुकादम साहेबाला काय शिव्या घालतोय, हे ती आपल्या मागावरून वाचायची आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगून हसवायची. तो मुकादम म्हणजे माझे बाबा. लग्न करून तिला गप्प केलं नसतं तर त्यांची नोकरी गेली असती, असं ते म्हणतात.

त्यामुळे घराचे नियम साधे. बोलताना उजेडाकडे तोंड करायचं. तोंडात घास असताना बोलायचं नाही, हात ओठांपुढे आणायचा नाही. आणि आईपासून काही लपवायचं असेल तर तिच्याकडे पाठ करून बोलायचं. पण हे इतकं उद्धट मानलं जायचं की मी आयुष्यात दोन-चारदाच केलं असेल, आणि दर वेळी मार खाल्ला. त्याची भरपाई मी बाहेर करते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते आणि दिवसभर नळाला पाणी नसलेल्या माणसांशी भांडते. तिथे मला तोफ म्हणतात. संध्याकाळी घरी आले की तोफ गप्प.

आईचा डावा डोळा बऱ्याच वर्षांपूर्वी गेला होता. आतला पडदा सुटला, आणि आम्हाला समजेपर्यंत उशीर झाला. ती म्हणायची, वाचायला एक डोळा पुरतो, दुसरा देवानं हौस म्हणून दिला होता. मग उजवा बिघडायला लागला. आधी ती सुईत दोरा ओवताना चिडायला लागली. मग बोलताना "पुन्हा सांग" म्हणायला लागली. आमच्या घरात "पुन्हा सांग" हा शब्दच नव्हता. मी एकदा घाईत काहीतरी बोलले, तर तिनं माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि म्हणाली, तुझ्या शब्दांना मधेच भोकं पडतात. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे मागच्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीत पडद्याचा फोटो काढायचं यंत्र होतं. हनुवटी एका खाचेत ठेवायची, कपाळ पट्टीला टेकवायचं आणि आत दिसणाऱ्या हिरव्या फुलीकडे बघत राहायचं. फोटो काढणारी बाई यंत्राच्या पलीकडून सांगणार, "आता मिटू नका, आता मिटा," आणि आई तर तिचे ओठ बघू शकणार नाही. मी काही बोलायच्या आत ती बाई यंत्राला वळसा घालून आली. आईच्या हातावर तिनं एकदा टिचकी मारली आणि स्वतःचे डोळे मोठे करून दाखवले, दोनदा मारली आणि मिटून दाखवले. आईला हे फार आवडलं. पुढे कित्येक दिवस तिला कुणी बरं भेटलं असेल तर ती हीच, असं ती सांगत होती. फोटो पुन्हा पुन्हा काढले गेले. ती बाई यंत्राच्या स्क्रीनकडे बघत होती, आणि दर वेळी आणखी एक काढत होती.

फोटोनंतर नर्सनं आईला बाहेरच्या पॅसेजमध्ये बाकावर बसवलं आणि हातानं खुणा करून सांगितलं, डोळे मिटून बसा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले होते, त्यामुळे उजेड खुपत होता. डॉक्टरीणबाईंनी बाबांना आणि मला आत बोलावलं.

त्या तरुण होत्या, आणि आडवळणं घेणाऱ्या नव्हत्या. त्यांनी फोटो समोर मोठा केला. डोळ्याचा पडदा उभा कापून बाजूनं पाहावा तसा, थरांवर थर. सगळ्यात खाली एक पांढरी चकचकीत रेघ होती. उजेड ओळखणाऱ्या पेशी तिथे असतात, त्या म्हणाल्या. ही रेघ शाबूत असेल तर पडदा बसवल्यावर नजर परत येते. तुटलेली असेल तर पडदा कितीही छान बसवा, दिसत नाही. आईच्या पडद्याच्या मधोमध ही रेघ जवळजवळ पुसली गेली होती. फक्त एक लहानसा तुकडा राहिला होता. "आत्ता त्या जे ओठ वाचतात, ते एवढ्यावर," असं म्हणून त्यांनी पेनाचं टोक त्या तुकड्यावर ठेवलं.

वरच्या बाजूनं एक पातळ साय चढली होती आणि ती सगळा पडदा ओढत होती. ऑपरेशन न करता तसंच राहू दिलं, तर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत पडदा पूर्ण सुटणार आणि मिट्ट काळोख. ऑपरेशन केलं तर साय काढावी लागणार, पडदा बसणार, पण तो तुकडा सायीलाच चिकटलेला होता. तोही जाणार. असे हजारो डोळ्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो त्यांच्याकडे होते, आणि त्यांवरून यंत्र अंदाज काढून देत होतं. दार कुठे, खिडकी कुठे, माणूस आला की गेला, समोर धरलेला हात, एवढं दिसेल. चेहरा दिसणार नाही. ओठ नाहीत.

बाबांनी चष्मा काढून तो फोटो अगदी जवळून पाहिला. आयुष्यभर त्यांनी मागावरचं कापड असंच डोळ्यांजवळ धरून तपासलं होतं. ते म्हणाले, "हा धागा गेलाय." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मी भांडायला तोंड उघडलं. अंदाज चुकतो की नाही कधी? त्या म्हणाल्या, चुकतो, पण जेव्हा रेघ इतकी गेलेली असते, तेव्हा फारसा नाही. मला त्यांचा राग आला, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. हे आईला समोर बसवून सांगायचं असं त्यांचं म्हणणं होतं, पण बाबा म्हणाले, मी सांगतो, घरी, आमच्या पद्धतीनं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, ठीक, पण ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी त्यांना सगळं कळलेलं असलं पाहिजे.

आम्ही बाहेर आलो. पॅसेज माणसांनी भरलेला होता आणि आई समोरच्या बाकावर, मान मागे टेकून, डोळे मिटून बसली होती. बाबा खिडकीपाशी थांबले. चारचौघांत घरचं बोलायचं असलं की आम्ही आवाज काढत नाही, ओठांनीच बोलतो. लोकांना वाटतं, काहीतरी चघळतायत. बाबा तसंच बोलले. "तिला नाही सांगायचं. ओठ दिसणार नाहीत हे कळलं तर ती ऑपरेशनला नाही म्हणेल. मग ठार काळोख. बरं होणार आहे, एवढंच सांगायचं."

मी म्हणाले, आणि नंतर? नंतर तिला कोण आणि कसं सांगणार? तेव्हा तर काही सांगताच येणार नाही. बाबा बाकाकडे चालायला लागले. आईजवळ जाऊन मी तिच्या खांद्याला हात लावला. तिनं डोळे किलकिले केले आणि विचारलं, काय म्हणाल्या? बाबांनी सांगितलं, साय आली आहे, काढली की झालं. आई हसली. म्हणाली, मग दुधावरची आधी काढायला नको होती का, मी रोज खाते.

ऑपरेशनला आठवडाभर अवकाश होता. त्या आठवड्यात आमच्या घरात नाटक लागलं होतं आणि बाबा त्यातले मुख्य नट. सकाळी उठल्यापासून ते आनंदी. ऑपरेशन झालं की फिरायला जाऊ, खिडक्यांना नवीन पडदे शिवू, तुझ्या भावाकडे जाऊन राहू. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. मी भांडी आदळायचे. त्याचा काय उपयोग, आईला ऐकू येत नव्हतं आणि बाबांनी कानांवर हात ठेवले होते.

आईचंही काहीतरी बदललं होतं. निवृत्त झाल्यावर बाबांनी मिशी ठेवली होती, चांगली झुपकेदार. आई पहिल्या दिवसापासून तिच्यावर खार खाऊन होती, वरचा ओठ झाकते म्हणून. तरी बाबांनी ती हट्टानं राखली होती. आता आई म्हणाली, ही काढा. बाबा म्हणाले, ऑपरेशन झाल्यावर काढतो. आई म्हणाली, आज. आणि स्वतः स्टूल घेऊन आरशापाशी बसली, ते दाढी करत होते ते बघत. मिशी गेल्यावर बाबा एकदम दहा वर्षांनी लहान आणि जरा बावळट दिसायला लागले. आई त्यांच्या ओठांकडे बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, आता शेडमधल्या गोष्टी सांगा. ते सांगायला लागले, तर तिला जुन्याच हव्या होत्या. तिला पाठ असलेल्या. मधे शब्द गळला तरी तिला चालत होतं.

मला कामावरून आल्यावर ती दिव्याखाली बसवायची आणि खिडकीवर आज कोण आलं होतं ते विचारायची. मी चिडून, नकला करून सांगायचे आणि ती पोट धरून हसायची. एक दिवस मी सांगता सांगता थांबले. ती हसत नव्हती. ती नुसती बघत होती, कपाळ, डोळे, हनुवटी, पुन्हा ओठ. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, तू चिडलीस की तुझा खालचा ओठ डावीकडे जातो, इतकी वर्षं वाचतेय, पण बघितलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबा औषधं आणायला गेले होते. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी होते. आईनं मला खिडकीशी ओढलं आणि तिच्या त्या सपाट, चढउतार नसलेल्या आवाजात म्हणाली, "तुझे ओठ दिसणार नाहीत, हे मला माहीत आहे."

मी तिथेच खाली बसले. ती माझ्यासमोर बसली. मग तिनं सांगितलं. नर्सनं डोळे मिटायला सांगितले होते, तिनं मिटलेही. पण डोळे मिटून माणसांत बसायची तिला सवय नाही. ऐकू येणाऱ्यानं डोळे मिटले तर तो माणसांतच असतो, तिनं मिटले की ती कुठेच नसते. म्हणून आमची चाहूल घ्यायला तिनं जरा उघडले. उजेड टोचत होता. समोर खिडकीपाशी बाबा उभे होते, तोंडावर चांगला उजेड, घास नाही, हात आड नाही, एकेक शब्द सुटा. तिनं त्यांना इतकी वर्षं जसं शिकवलं होतं, अगदी तसं. मिशीमुळे दोन-तीन शब्द गेले, बाकी सगळं वाचलं.

मला हसू आलं आणि रडू आलं. जगात दुसरं कुणीही असतं तर कोपऱ्यात तोंड घालून कुजबुजलं असतं. आम्ही मात्र गुपित तिच्याच भाषेत, तिच्याच समोर, उजेडात उभं राहून बोललो होतो.

मी तिला म्हणाले, मग नको ना करूस. काही आठवडे मिळतील, महिने मिळतील, तेवढे तरी आम्हाला बघ. तिनं माझ्या ओठांवरून नजर हलवली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "आणि मग? काळोखात कुणी आलं, कुणी गेलं, मला कळणार नाही. मी खोलीत एकटी आहे की तुम्ही शेजारी बसलात, तेही नाही. ओठ नाही तर नाही. दारात माणूस उभं आहे, एवढं तरी दिसू दे."

मी म्हणाले, बाबांना सांगते, तुला कळलंय म्हणून. तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"नाही सांगायचं. त्यांना कळलं तर रडत बसतील, आणि उद्यापर्यंत मला तेच बघावं लागेल. मला त्यांचं रडकं तोंड शेवटचं बघायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापासून काही लपवायला जमलंय त्यांना. जमू दे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सहीच्या आधी तोंडावरचा मास्क काढला, आईच्या समोर वाकल्या आणि एकेक शब्द सावकाश विचारला, तुम्हाला सगळं कळलं आहे ना? नंतर काय दिसणार, काय नाही? बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. आई म्हणाली, हो, सगळं, यांनी नीट समजावलं. बाबांनी सुटकेचा श्वास सोडला तो पॅसेजपर्यंत ऐकू गेला असेल. आत नेताना आई सारखी मागे वळून बघत होती. बाबा हसत होते. मीही हसत होते, गाल दुखेपर्यंत.

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यात तेल भरलं होतं. त्या तेलानं पडदा दाबून राहावा म्हणून तिला खाली मान घालून पडून राहायचं होतं. त्या दिवसांत मी तिच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायला लागले. जेव. झोप. मी आले. अक्षरं ओळखायला तिला वेळ लागे, पण जमत होतं. बाबा हे बघून बाहेर निघून जायचे. त्यांचं म्हणणं, ही सवय कशाला लावतेस, आता दिसायला लागेल तिला.

मान वर करायची परवानगी मिळाली. आणि मग आई बाबांना उत्तरं द्यायला लागली.

सकाळी बाबा समोर येऊन ओठ हलवायचे आणि ती म्हणायची, हो, झोप छान लागली. जेवताना म्हणायची, मीठ बरोबर आहे. संध्याकाळी म्हणायची, नको, आज पाय दुखतायत, तुम्ही जाऊन या. बाबा माझ्याकडे वळून विजयी मुद्रेनं बघायचे, पाहिलंस, वाचते ती. नवरा-बायकोच्या बोलण्यात नवीन असं असतं तरी किती? समोर सावली हलली, वेळ सकाळची आहे, म्हणजे प्रश्न झोपेचा. ती वेळेवरून उत्तरं देत होती. बाबा कधी तिला न ठरलेलं काही विचारत नव्हते. ते का विचारत नव्हते, हे मला कळायला उशीर लागला. मला वाटत होतं, ते फसतायत.

मग फोटोचा दिवस आला. तीच अंधारी खोली, तीच बाई. तिनं आईच्या हातावर एक टिचकी मारली, आईनं डोळे मोठे केले आणि हसली. हिरवी फुली तिला दिसत नव्हती, ती नुसती सरळ बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो शेजारी लावले. पडदा अगदी सपाट बसला होता, कुठे सुरकुती नाही. मधोमध खालची रेघ नव्हती. तो तुकडाही नव्हता. यंत्रानं जे सांगितलं होतं, तसंच आलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला वाईट वाटतं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडावं असं त्यांनी काहीच केलं नव्हतं. बाबा म्हणाले, "पडदा छान बसलाय."

घरी आल्यावर आई तिच्या खुर्चीत बसली. बाबांनी हातपाय धुतले, चेहरा पुसला आणि तिच्यासमोर स्टूल ओढलं, नेहमीसारखं उजेडाकडे तोंड करून. मी दारात होते. मला त्यांचा चेहरा पुरता दिसत होता. त्यांना मी दिसत होते की नाही, ठाऊक नाही, पण मी तिथून हलले नाही.

ते आवाज न काढता बोलायला लागले.

"मला आधीच माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओठ दिसणार नाहीत. मी तुला सांगितलं नाही. तू नको म्हणशील अशी भीती वाटली. तू सगळा आठवडा माझ्याकडे बघत होतीस आणि मी तुला खिडकीच्या पडद्यांच्या कापडाबद्दल सांगत होतो. मी बोलायला हवं होतं तेव्हा. तुला दिसत नाही, मला कळतंय. रोज कळतंय. मला माफ कर. मला फार एकटं वाटतं गं."

ते एकेक शब्द सुटा बोलले. वरचा ओठ मोकळा होता. घाई केली नाही. गालांवरून पाणी येत होतं, तरी त्यांनी हात तोंडापाशी नेला नाही.

आई त्यांच्या दिशेनं मान किंचित कलती करून बसली होती, ती पूर्वी वाचताना बसायची तशी. समोरची सावली हलायची थांबेपर्यंत ती थांबली. खिडकीतला उजेड कलला होता. दुपारच्या या वेळेला बाबा तिला एकच प्रश्न विचारतात.

"हो, चालेल," ती हसून म्हणाली. "साखर कमी टाका."

मी पुढे जाऊन तिचा तळहात हातात घेऊ शकले असते. तिला हे आधीपासून माहीत होतं, हेही बाबांना सांगू शकले असते. दोघांसाठीही माझ्याकडे शब्द होते आणि दोघांनीही मला बांधून ठेवलं होतं.

बाबांनी मान हलवली, तिच्या गुडघ्यावर एकदा हात ठेवला आणि उठून आत गेले. आधण ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी चहा केला, साखर कमी टाकून, आणि दोन कप घेऊन बाहेर आले.